बागेत नसलेली माणसं

जिव्हेर्नीहून, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या गावाहून, आणलेली त्याच्या बागेच्या चित्रांची पोस्टकार्डं आईनं जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली, चष्मा पदरानं पुसला आणि एकेक कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. जांभळ्या आयरिसचे वाफे. हिरवा पूल. तळं. पुन्हा तळं. संध्याकाळचं तळं. विलोच्या फांद्या लोंबणारं तळं. "बाग फार सुरेख आहे गं," ती म्हणाली. "पण हिच्यात माणूस कसा नाही एकही? एवढ्या बागेला पाणी कोण घालतं?" वाईच्या घरामागे तिचं स्वतःचं परस आहे. अबोली, सोनटक्का, अनंत, कढीपत्ता आणि वर्षानुवर्षं फळाला न येणारं एक लिंबाचं झाड. उन्हाळ्यात ऊन कललं की ती झारी घेऊन तिथेच असते. त्यामुळे कुठलीही बाग बघताना ती राखणारे हात तिला आधी आठवतात. मी म्हटलं, "माळी होते ना, सहा-सात." तिनं मान डोलावली, कार्डं गोळा केली आणि कुकरकडे वळली. प्रश्नाचा अर्धा भाग मात्र माझ्यापाशी राहिला. माळ्यांचं एक वेळ सोडा. क्लोद मोनेच्या त्या चित्रांत त्याची बायको नाही, मुलं नाहीत, आल्यागेल्यांतलं कुणी नाही. तो जिव्हेर्नीला राहायला आला तेव्हा घरात लहानमोठी मिळून दहा माणसं होती. ती सगळी गेली कुठे?

मोनेला माणसं काढता येत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. ऐन पंचविशीत, १८६६ साली, त्यानं बागेतल्या चार स्त्रियांचं अडीच मीटर उंचीचं चित्र उघड्यावर रंगवायला घेतलं होतं. वरच्या भागापर्यंत हात पोचेना, तेव्हा जमिनीत चर खणून कॅनव्हास त्यात खाली-वर करता येईल अशी दोर-कप्पीची सोय केली. त्या स्त्रियांसाठी त्याच्यासमोर उभी राहायची ती कामीय, पुढे त्याची बायको झालेली. सरकारी प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. बाझीय नावाच्या चित्रकार मित्रानं त्याचे २५०० फ्रँक महिना ५० फ्रँकच्या हप्त्यानं द्यायचं कबूल केलं आणि मोनेची चूल पेटती ठेवली. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातला पांढऱ्या झग्यावर पडलेला पानांचा निळसर कवडसा बघताना कळतं, की ह्या माणसाला बागेत माणसं हवी होती. हट्टानं हवी होती.

मग पॅरिसजवळचं आर्जांतय. १८७१ ते १८७८ तो तिथे राहिला, आणि त्या वर्षांतल्या बागा माणसांनी भरलेल्या आहेत. ओर्सेमध्येच त्याचं दुपारच्या जेवणानंतरचं एक चित्र आहे. टेबल अजून आवरलेलं नाही. पांढरा टेबलक्लॉथ, कॉफीचे कप, थोडी फळं. बाकावर कुणीतरी विसरलेली छत्री आणि पिशवी, झाडाच्या फांदीला अडकवलेली काळ्या फितीची हॅट. मागे झाडांतून दोन स्त्रिया चालत येताहेत, आणि टेबलाच्या सावलीत जमिनीवर बसून त्याचा लहानगा मुलगा जां एकटाच खेळतोय. मोठ्यांच्या गप्पा लांबल्या की मूल जसं टेबलाखालच्या गारव्यात आपलं वेगळं जग मांडतं, तसा. ह्या चित्रासमोर मी नेहमी थबकते. त्यात काही घडत नाही, पण घर आहे.

त्याच आर्जांतयमध्ये १८७४च्या उन्हाळ्यात चित्रकार एदुआर माने मुक्कामाला जवळ होता, आणि त्यानं मोनेच्या कुटुंबाला त्यांच्या बागेत रंगवलं. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. कामीय गवतावर झगा पसरून बसली आहे, जां तिला रेलून लोळतोय, कोंबडा-कोंबडी पायांत घुटमळताहेत. आणि डाव्या बाजूला, पाठीत वाकून फुलझाडांशी काही करत असलेला एक माणूस. शेजारी झारी. तो मोने. आईच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्याच्या चित्रात मिळावं ह्याचं मला फार सुख वाटलं. तेव्हा गाठीला पैसे नव्हते, सहा माळी नव्हते. पाणी तो स्वतःच घालत होता. त्याच दिवशी रन्वारही तिथे येऊन पोचला, त्यानं शेजारी बसून तेच दोघं मायलेक रंगवले. एकाच बागेकडे तीन चित्रकार बघत होते आणि तिघांच्याही नजरेत माणसं होती.

कामीय ५ सप्टेंबर १८७९ला गेली, व्हेतय गावात. बत्तीस वर्षांची होती. मोनेनं तिचं मृत्युशय्येवरचं चित्र काढलं. निळे, जांभळे, राखाडी फटकारे आणि त्यांच्या आत बुडत चाललेला चेहरा. पुष्कळ वर्षांनी त्यानं आपल्या राजकारणी मित्राला, क्लेमांसोला, ह्याबद्दल सांगितलं होतं: जी आपल्याला इतकी प्रिय होती तिच्या उशाशी बसलो असताना, तिच्या कपाळाकडे बघता बघता आपण मृत्यू तिथे आणत असलेले रंग टिपू लागलो आहोत, निळा, पिवळा, करडा, हे आपल्याच लक्षात आलं. डोळा आपोआप कामाला लागला होता. जात्याला जुंपलेल्या जनावरासारखा आपण फिरतोय, असं काहीसं त्यानं म्हटलं होतं.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजही तिच्यावरून मला सहज पुढे जाता येत नाही. कलावंताच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून ती सांगितली जाते, ते मला पटत नाही. ती एका माणसानं स्वतःबद्दल सांगितलेली भयाची गोष्ट आहे. आपला डोळा आपल्या दुःखाशी इमान राखत नाही, हे ज्याला एकदा कळलं, त्याला त्यानंतर आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत रंगवणं किती अवघड गेलं असेल? बघणं थांबवणं तर त्याच्या हातात नव्हतं. मला असं वाटतं, आणि हे माझं वाटणं आहे, की चेहऱ्यांकडून पाण्याकडे वळायला त्याची तिथूनच सुरुवात झाली. पाण्याकडे कितीही निष्ठुरपणे टक लावून बघा, त्यात कुणाचा अपराध होत नाही.

अर्थात एकदम वळला नाही तो. व्हेतयमध्येच १८८१ साली त्यानं सूर्यफुलांमधून उतरणाऱ्या पायऱ्या रंगवल्या, त्या पायऱ्यांवर मुलं आहेत. त्याचा धाकटा मिशेल आणि आलीसचा धाकटा. आलीस ओशदे ही त्याच्या एका जुन्या आश्रयदात्याची बायको. नवऱ्याचं दिवाळं वाजल्यावर ती आपल्या सहा मुलांसह ह्या कुटुंबात येऊन राहिली, कामीयचं आजारपण तिनं काढलं, आणि मग राहिलीच. १८८३च्या वसंतात हे सगळं बिऱ्हाड जिव्हेर्नीला आलं, भाड्याच्या घरात. ते घर आणि जमीन त्यानं १८९० साली २२००० फ्रँकला विकत घेतली, आणि आलीसचा पहिला नवरा वारल्यावर १८९२ साली दोघांनी लग्न केलं.

इथे दोन चित्रं शेजारी ठेवून बघायला हवीत. कामीय असताना, १८७५मध्ये, त्यानं तिला टेकाडावर छत्री घेऊन उभी केली होती. वारा सुटलाय, मागे जां उभा आहे, बुरख्याआडून ती खाली आपल्याकडे बघतेय. अकरा वर्षांनी जिव्हेर्नीजवळच्या कुरणात त्यानं आलीसच्या मुलीला, सुझानला, तशीच छत्री देऊन तशीच उभी केली. झगा तसाच वाऱ्यावर, गवत तसंच. पण ह्या वेळी चेहरा नाही. म्हणजे चेहऱ्याच्या जागी रंग आहे, छत्रीची हिरवट सावली आहे. नाक-डोळे त्यानं शोधलेच नाहीत. वाऱ्यात उभ्या असलेल्या एका झाडाइतकीच ती आहे. त्यानंतर एक-दोन वर्षं त्यानं ह्या मुलींना एप्त नदीवर होडीत बसवून रंगवलं. एका चित्रात तिघी जणी होडीत आहेत, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं त्यांच्याइतकीच ठळक. आणि मग १८८७चं आणखी एक चित्र आहे, पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात. वरच्या कोपऱ्यात होडी, रिकामी. बाकी सगळा कॅनव्हास म्हणजे पाण्याखाली वाहत्या प्रवाहात वळवळणारं हिरवं, तांबूस शेवाळ. मुली उतरून गेल्या आहेत आणि चित्रकार खाली वाकून पाण्यात बघतोय.

मार्मोतांमध्ये मी त्या चित्रापुढून हलले नाही. पुढच्या दालनात सगळे ज्यासाठी येतात ती कमळं होती, पण मला तिथेच कळत होतं की कमळांची गोष्ट इथून निघालेली आहे.

तळं त्यानं खणून घेतलं ते १८९३मध्ये. घराची बाग आणि नदीची बाजू ह्यांच्या मधून रस्ता आणि रेल्वेचा रूळ जात होता. रुळापलीकडचा एक तुकडा विकत घेऊन, एप्तच्या एका फाट्याचं पाणी वळवून तिथे जलवनस्पती लावायची परवानगी त्यानं मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. ही परदेशी झाडं पाणी नासवतील, खाली गुरं पाणी पितात, बायका कपडे धुतात, त्याचं काय? मोने भयंकर संतापला, पत्रांतून त्यानं आदळआपट केली. त्याच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत हा प्रसंग अडाणी गाव आणि थोर कलावंत असा येतो. मला गावकऱ्यांचं म्हणणं अगदी रास्त वाटतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी बांध घालून पाणी अडवू लागला तर कृष्णाकाठचं कुठलंही गाव हेच विचारील. शेवटी त्याच उन्हाळ्यात परवानगी मिळाली. पुढे १९०१मध्ये आणि १९१०च्या पुरानंतर तळं आणखी वाढवलं, आकार बदलला.

त्यात लावलेली कमळंही नवी होती. युरोपातल्या थंड पाण्यात पूर्वी पांढरं जलकमळ तेवढं तग धरायचं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लातुर-मार्लियाक नावाच्या रोपवाटिकावाल्यानं त्याचा उष्ण प्रदेशांतल्या जातींशी संकर करून गुलाबी, पिवळी, तांबडी फुलं आणली आणि १८८९च्या पॅरिसच्या महाप्रदर्शनात, ज्या वर्षी आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी, ती मांडली. मोनेनं ऑर्डर त्याच्याकडेच दिली. म्हणजे ज्या चित्रांना आपण सनातन निसर्ग समजतो, त्यातली फुलं त्या काळचा ताजा शोध होती. आपल्याकडच्या तळ्यात कमळाची पानं देठावर उभी राहतात आणि वाढली की पाणी दिसेनासं होतं. ह्या जातीची पानं पाण्यावर सपाट पडून राहतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग कुठे आहे ते डोळ्याला कळतं, आणि त्या पानांच्या मधल्या जागेत आभाळ उलटं उतरतं. फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. त्यामुळे बसायच्या वेळाही तळंच ठरवून द्यायचं.

आणि हो, माळी. मोठं नाव आणि मोठा पैसा आल्यावर अर्धा डझन माळी राबत होते. त्यांतल्या एकाकडे फक्त तळ्याचं काम. तो होडीतून फिरून पिवळी पानं खुडायचा, शेवाळ काढायचा, कमळांचे ताटवे ठरल्या आकारात राखायचा आणि पानांवरची धूळ धुऊन काढायचा. बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या आणि धूळ उडून पानांवर बसू लागली, तेव्हा मोनेनं स्वतःच्या खर्चानं त्या रस्त्यावर डांबर घालून घेतलं. पान धुतलेलं नसेल तर त्यावर आभाळ नीट पडत नाही. रोज सकाळी, त्याची खुर्ची आणि छत्री काठावर यायच्या आत, एक माणूस होडी घेऊन त्याचं चित्र पुसून स्वच्छ करून जात होता. ह्या माणसाचं नाव मला कुठे सापडलं नाही, आणि अडीचशेच्या आसपास असलेल्या त्या कमळचित्रांत त्याची होडी एकदाही येत नाही. मला हे खुपतं. मोठ्या कामामागचे हात झाकले जातात हे नेहमीचंच. इथे खुपतं ते ह्यासाठी की तो हात त्याच्या इतका समोर होता, रोज होता, आणि जगातला सगळ्यात बारीक बघणारा डोळा त्याच्यावरून घसरून पाण्यावर जात होता. रुळावरून जाणारी गाडीही त्यानं वगळली. सेंट-लाझार स्थानकाच्या धुराची डझनभर चित्रं काढणाऱ्या माणसानं, आपल्याच बागेतून धडधडत जाणारी आगगाडी वगळली.

सुझान ६ फेब्रुवारी १८९९ला गेली. बराच काळ आजारी होती, मागे दोन लहान मुलं. आलीस त्यातून कधी सावरली नाही, असं तिच्याबद्दल लिहिणारे सगळेच म्हणतात. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मोनेनं काठावर खुर्ची मांडून त्या हिरव्या लाकडी पुलाची मालिका सुरू केली. त्या चित्रांत सगळीकडे हिरवा रंग कोंदलेला आहे. आभाळ जवळजवळ नाहीच. बाहेर जायला वाट नाही. पूल आहे, पण त्यावरून कुणी जात नाही. ही मालिका म्हणजे प्रसन्न बागेची प्रसन्न चित्रं म्हणून कॅलेंडरांवर, कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर छापली जाते. ज्या घरात नुकतीच तरुण मुलगी गेली आहे आणि तिची आई खोलीबाहेर पडत नाही, त्या घरातला एक माणूस रोज उठून काठावर बसतो आणि तो रिकामा पूल पुन्हा पुन्हा काढतो, असं मनात धरून ती एकदा बघा. मला तरी ती त्यानंतर प्रसन्न दिसली नाहीत. सुंदर दिसली, जास्तच सुंदर.

हळूहळू काठही गेला. मग झाडं गेली, पूल गेला, क्षितिज गेलं. उरलं पाणी आणि पाण्यात पडलेलं जग. १९०८मध्ये प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना मनासारखी न उतरलेली किमान १५ चित्रं त्यानं फाडून टाकली, प्रदर्शन पुढे ढकललं, आणि पुढच्या वर्षी पॅरिसला ४८ चित्रं एकत्र मांडली. सगळी एकाच तळ्याची. त्या काळातला, १९०५च्या आसपासचा, एक फोटो आहे. तो मोनेनंच काढला असं मानतात. फोटोत फक्त तळ्याचं पाणी आहे, थोडी पानं आहेत, आणि खालच्या कडेला हॅट घातलेल्या डोक्याची सावली. त्याची स्वतःची. चित्रांत त्यानं ती सावली कधी येऊ दिली नाही. पण तो फोटो पाहिल्यापासून त्याचं कुठलंही तळ्याचं चित्र बघताना मला खालच्या कडेला, चौकटीच्या किंचित बाहेर, ते डोकं असल्याचं जाणवत राहतं.

आलीस १९११च्या मे महिन्यात गेली. त्यानंतर बराच काळ त्यानं काम केलं नाही. १९१२मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. १९१४च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा जां गेला, टेबलाच्या सावलीत बसून खेळणारा तो जां. त्याच उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं, मिशेल सैन्यात गेला, घरातली बहुतेक माणसं पांगली, गावातून लोक निघून जाऊ लागले. मोने हलला नाही. मारायचंच असेल तर ह्या चित्रांच्या मध्येच येऊन मारावं, असं त्यानं मित्राला कळवलं. इतकी माणसं मरत असताना आपण आकाराच्या आणि रंगाच्या बारीकसारीक शोधात गुंतलोय ह्याची थोडी लाज वाटते, असंही त्याच सुमाराला लिहिलं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. त्यानं बागेच्या कोपऱ्यात एक प्रचंड स्टुडिओ बांधून घेतला आणि दोन-दोन मीटर उंचीचे कॅनव्हास भिंतीभर लावून त्या एकाच तळ्याला पुन्हा हात घातला. १२ नोव्हेंबर १९१८ला, युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं क्लेमांसोला पत्र लिहून दोन फलक देशाला द्यायची इच्छा कळवली. दोनांचे पुढे बावीस झाले.

ती बावीस फलकांची आठ चित्रं आज पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात दोन अंडाकृती दालनांत भिंतींना वळसा घालून लावलेली आहेत. मोनेच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, १७ मे १९२७ला, ती लोकांसाठी उघडली. तिथे गेल्यावर शांतता मिळते असं ऐकून गेले होते. मिळाली नाही, गर्दी होती, पायांचे आवाज होते, पहारेकरी मधूनमधून शूऽऽ करत होते. एक म्हातारं जोडपं मधल्या बाकावर एकमेकांना टेकून झोपलं होतं. शाळेतली मुलं जमिनीवर पालथी पडून रंगीत खडूंनी काहीतरी गिरवत होती. एक बाई बाळाला खांद्यावर थोपटत भिंतीच्या कडेकडेनं चालत होती, ढगांकडून विलोंकडे, विलोंकडून अंधाराकडे. आणि त्या दालनांचा आकारच असा आहे की चित्राकडे बघणारा प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेत चित्राच्या पुढ्यात उभा असतो. बाळ थोपटणारी ती बाई संध्याकाळच्या पिवळ्या पाण्यापुढे उभी राहिली तेव्हा छातीत एकदम भरून आलं. आर्जांतयच्या त्याच्या बागेत अशीच बाई असायची. आता ती चित्राच्या अलीकडे आली होती, एवढंच.

जिव्हेर्नीतही तेच. हिरव्या पुलावर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. विस्टेरियाचे घोस पाऊस पडून गेल्यानं टपकत होते, ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा वास होता, खडी बुटांखाली करकरत होती. पूल रिकामा दिसावा म्हणून मी काठाशी पुष्कळ वेळ उभी राहिले, मनातून चिडलेही. काठाला एक होडी बांधलेली होती. ती बघताना वाटलं, रिकामा पूल कशाला हवाय मला? तो चित्रांत आहेच. इथे आजी नातवाला उचलून कठड्यावरून मासे दाखवतेय, एक मुलगा घामेजला होऊन मैत्रिणीचा फोटो नीट यावा म्हणून गुडघ्यावर बसलाय. घरापुढच्या बागेतही गर्दी असतेच. ही बागही खरं तर नव्यानं लावलेली आहे. मिशेल १९६६मध्ये वारला, घर ललित कला अकादमीकडे गेलं तेव्हा पूल कुजला होता, तळं गाळानं भरलं होतं, काचघरांच्या काचा फुटल्या होत्या. १९७७पासून डागडुजी करून १९८०मध्ये ते उघडलं. बाग चित्रासारखी टिकत नाही. तिला कुणीतरी रोज लागतं.

त्यातलं एक माणूस मला सगळ्यात जवळचं वाटतं. ब्लांश. आलीसची मुलगी, आणि मोनेच्या जांची बायको. त्यामुळे त्याची सावत्र मुलगीही आणि सूनही. होडीतल्या त्या तिघींपैकी एक. लहानपणापासून ती त्याच्या शेजारी स्वतःचं ईझल लावून रंगवायची, त्याचं सामान वाहायची. गवताच्या गंज्यांच्या मालिकेच्या वेळी उजेड बदलला की ती पुढचा कॅनव्हास आणून द्यायची, असं सांगतात. जां वारल्यावर ती जिव्हेर्नीला परत आली आणि म्हाताऱ्याचं सगळं करू लागली. डोळे जात चाललेले, १९२३मधली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, त्यानंतरची चिडचिड, एका डोळ्यानं सगळं पिवळं तर एका डोळ्यानं सगळं निळं दिसतंय म्हणून चाललेला त्रागा, फाडून टाकलेली चित्रं, हे सगळं तिनं निभावलं. शेवटच्या त्या पुलाच्या चित्रांत तांबडा, विटकरी, काळपट रंग असा उसळलेला आहे की पूल शोधावा लागतो. माझ्या मते त्याची ती सगळ्यात थोर चित्रं आहेत, १८९९च्या हिरव्या पुलांपेक्षा कितीतरी थोर. आणि तो ती काढत होता तेव्हा घरात वेळेवर जेवण, धुतलेले ब्रश आणि आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणारं माणूस होतं. ह्या वर्षांत तिचं स्वतःचं रंगवणं जवळजवळ थांबलं होतं.

५ डिसेंबर १९२६ला मोने गेला. त्यानंतर ब्लांशनं पुन्हा ब्रश हातात घेतला. १९४७मध्ये ती वारली तोवर, दुसऱ्या महायुद्धातसुद्धा, ती त्या घरात राहिली, बाग जमेल तशी सांभाळत आणि तीच बाग रंगवत. तिची चित्रं जिव्हेर्नीपासून पाचेक किलोमीटरवर व्हेर्नों गावच्या संग्रहालयात आहेत. पॅरिसहून येणारी गाडी त्याच गावात थांबते, आणि आम्ही सगळे स्टेशनाबाहेर पडून थेट जिव्हेर्नीच्या बसच्या रांगेत लागतो. पुढच्या वेळी मी बस सोडून देणार आहे. आईला घेऊन जायचा विचार आहे. तिचे गुडघे दुखतात, पण तिनं नाही म्हटलेलं नाही. पोस्टकार्डं तिच्या देवघराच्या खणात आहेत आणि ब्लांशबद्दल मी तिला सांगितलंय. "तिची बाग बघू आधी," ती म्हणाली.